कंट्रोलचा हौद

इकडची उमस एखाद्या सकाळी कुणाला न सांगता निघून जाते. भाद्रपद सरत आलेला असतो. आदल्या दिवसापर्यंत बनियन पाठीला चिकटलेलं असतं आणि त्या सकाळी खाटेवर पाय उघडे राहिले तर गारठतात. पिंजौरच्या टेकड्या धुऊन पुसून ठेवल्यासारख्या जवळ दिसतात. नात दप्तर उचलता उचलता म्हणते, ‘आजोबा, मौसम बदल गया.’ मी मराठीत बोलतो, ती हिंदीत उत्तर देते, आमचं तसं पक्कं ठरलेलं आहे. मौसम बदलल्याचं मला तिच्या आधी कळलेलं असतं. शेजारच्या सरदारजींनी म्हशीसाठी ढेप, म्हणजे पेंड, भिजत घातलेली असते. उमस असते तोवर तो वास तिकडेच जड होऊन पडून राहतो. हवा मोकळी झाली की भिंतीवरून आमच्या अंगणात येतो. ओली ढेप, थोडी आंबलेली. तो आला की मी चहा अर्धा टाकून उठतो आणि उगाच फेऱ्या मारतो. सून मुलाला म्हणते, बाबांना दर वर्षी या दिवसांत काय होतं कुणास ठाऊक.

मला ठाऊक आहे. आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी, याच दिवसांत, चंडीगढमध्ये तीन हौदांतले झिंगे मोजले गेले. त्या मोजणीपासून माझा हा महिना सरळ गेलेला नाही.

मी भंडाऱ्याकडचा ढीवर. आमच्याकडे गावागणिक तलाव आणि तलावागणिक झिंगे, म्हणजे गोड्या पाण्यातली कोळंबी. पोहायला आणि फेकजाळं टाकायला मी एकाच वयात शिकलो. शाळा चौथीत सुटली. पुढे फौजेच्या लंगरात रोट्या भाजल्या, चंडीमंदिरच्या छावणीतून सुटलो, आणि चंडीगढच्या एका संशोधनाच्या संस्थेत हौदांवर माणूस पाहिजे होता तिथे लागलो. मोठे साहेब म्हणजे सेठी साहेब. त्यांनी विचारलं, मछलीबद्दल काय माहीत आहे? मी म्हटलं, तुम्ही विचारा. त्यांनी काही विचारलं नाही, हसले आणि मला ठेवून घेतलं.

पंजाबात माझ्या नावाची एक गंमत झाली. नाव सोमाजी. तिथे सगळ्यांना वाटलं की नाव सोमा आणि पुढचा ‘जी’ मानाचा. त्यामुळे खुशीत असले की सोमाजी, रागावले की नुसतं सोमा. बापाने ठेवलेल्या नावातलं अर्धं ते रागाच्या दिवशी काढून घ्यायचे. मी ओ द्यायचो नाही. पूर्ण नाव घेईपर्यंत वळायचोच नाही. साहेबांनासुद्धा.

संस्थेच्या मागे आंब्याच्या झाडांची रांग होती आणि तिच्यापलीकडे टिनाची शेड. शेडखाली सिमेंटचे तीन हौद, कमरेइतके उंच. पाण्यात हवा सोडणाऱ्या नळ्या दिवसभर गुरगुरायच्या. टिन तापलं की वरून तडतड आवाज, खालून गुरगुर. हौदांच्या तळाशी मी फुटक्या मडक्यांची खापरं टाकून ठेवली होती. ती कुणी सांगितली नव्हती. झिंगा वाढतो तेव्हा कात टाकतो आणि कात टाकली की दिवसभर लोण्यासारखा मऊ असतो. तेवढ्या वेळात त्याला आडोसा मिळाला नाही तर बाकीचे त्याला खाऊन टाकतात. उपाशी असतील तर आधी. माणसांचं वेगळं असतं असं मी म्हणणार नाही.

त्या वैशाखात कुमुदताई आल्या. साताऱ्याच्या. वडील केंद्र सरकारच्या हिशोब खात्यात, बदलीवर चंडीगढला आलेले. सेठी साहेबांच्या हाताखाली त्या डॉक्टरकीचा अभ्यास करायच्या, औषधाच्या नव्हे, पुस्तकाच्या डॉक्टरकीचा. बाकीच्या मुली सलवार-कमीज घालून वरच्या खोल्यांत काचेच्या नळ्या हलवायच्या, या पदर खोचून माझ्याबरोबर हौदात हात घालायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला नावाने हाक मारली आणि पुढे भाऊ लावलं. सोमाजीभाऊ. पंजाबात इतकं लांब नाव मला कुणी दिलं नव्हतं.

त्यांचं काम सांगायला सोपं होतं. झिंगे पाळायचे तर त्यांना मासळीची भुकटी चारावी लागते. एक जीव वाढवायला दुसरे जीव वाळवायचे. त्यांचं म्हणणं, हे सगळं ढेप, सोयाबीनचं पीठ आणि कोंडा यांच्यावर का चालू नये? चालत नाही, कारण झिंगा त्यावर जगतो पण वाढत नाही. त्या खाण्यात दोन वस्तू कमी पडतात. त्या दोन वस्तू बाटलीतून आणून पिठात मिसळल्या तर तो मासळीवर वाढतो तितकाच वाढेल, एवढं त्यांना दाखवून द्यायचं होतं. पहिल्या हौदाला मासळीची भुकटी. दुसऱ्याला ढेप-पीठ आणि त्यात बाटलीतली पांढरी पूड. तिसऱ्याला नुसती ढेप आणि पीठ.

ऐकायला एवढंसं आहे. पण त्यावर त्यांचं सगळं लटकलेलं होतं. दिवाळीच्या आत वडिलांची बदली नागपूरला होणार होती. वडिलांनी सांगून ठेवलं होतं, तुझी शिष्यवृत्ती पुढे वाढली तर होस्टेलला राहा आणि पुरं कर, नाही वाढली तर आमच्याबरोबर चल, साताऱ्याचं स्थळ थांबलेलं आहे. ही गोष्ट त्यांनी मला सांगितली नव्हती. आमच्या क्वार्टरवर पिठलं-भाकर खायला यायच्या तेव्हा माझ्या बायकोला, भागरताला, सांगितली. मराठी बोलायला मिळावं म्हणून यायच्या. पाटावर बसून दोन भाकरी खायच्या आणि म्हणायच्या, ‘वहिनी, मला फक्त हा एक मोसम द्या.’ जसा काही मोसम भागरताच्या डब्यात होता.

खाणं तयार करायचं यंत्र बिघडलं, दुरुस्तीला गेलं आणि तिकडेच राहिलं. मग कुमुदताईंनी घरून आईचा पितळी सोऱ्या आणला, चकलीचा. मी सोऱ्याचा दांडा फिरवायचो आणि त्या खाली कापड धरायच्या. ढेप, पीठ, कोंडा, मैद्याची खळ, अशा त्या शेवया उन्हात पसरायच्या, वाळल्या की मोडायच्या. साहेबांचे पाहुणे यायचे आणि म्हणायचे, इथे सेवयां बनतात वाटतं. त्या पांढऱ्या पुडीच्या बाटल्यांवरची नावं मला वाचता यायची नाहीत. एक होती मेथिओनिन. मी म्हणायचो मेथी. उकडलेल्या कोबीसारखा वास होता तिला. घरी सांगितलं की आज मेथी मळली, तर भागरता म्हणाली, ‘अवो, झिंग्याले मेथी चारून रायले अन् मले तीन दिवसांपासून आलू आनून देता.’ कुमुदताई हे ऐकून इतक्या हसल्या की ठसका लागला. मग शेडमध्ये सगळेच मेथी म्हणू लागले.

त्यांची एक अडचण मी सोडवली, हे मी लिहिणारच. ती पांढरी पूड पाण्यात विरघळून जायची. मासा गिळतो. झिंगा गिळत नाही. पुढच्या बारीक पायांनी तुकडा धरतो, कुरतडतो, टाकतो, पुन्हा उचलतो, जसं म्हातारं माणूस सुपारी चघळतं. तोवर मेथी पाण्यात. मी म्हटलं, ताई, एक तर उजेडात देऊ नका, झिंगा दिवेलागणीला जेवतो. दुसरं, थोडं थोडं द्या. तिसरं, वाळवण्याआधी तेलाचा हात फिरवा, आम्ही लंगरात कणकेवर फिरवायचो तसा. त्यांनी तसं केलं. आठ दिवसांत फरक दिसला. त्यांनी वही काढली, लिहिलं आणि मला वाचून दाखवलं, ‘ही सूचना सोमाजी यांची.’ तोवर माझं नाव हजेरीच्या पुस्तकाखेरीज कुठल्या कागदावर नव्हतं. मी म्हटलं, ठीक आहे. आणि शेडमागे जाऊन विनाकारण नळ उघडून हात धूत बसलो.

आता ती गोष्ट.

हौद लावले त्या दिवशी कुमुदताई तिसऱ्या हौदाला हात लावून म्हणाल्या, ‘भाऊ, हा कंट्रोलचा.’ मी मान हलवली. विचारायचं काय त्यात? कंट्रोल कुणाला माहीत नाही? आमच्याकडे रेशनच्या दुकानाला कंट्रोल म्हणतात. कंट्रोलचे तांदूळ, कंट्रोलची साखर, कंट्रोलची रांग. मला एकदम सरळ कळलं. पहिला हौद साहेब लोकांचा, त्यांना मासळी. दुसरा टॉनिक पिणाऱ्यांचा. तिसरा आमचा, कंट्रोलवर जगणाऱ्यांचा. मनात म्हटलं, बघा, पाण्यातसुद्धा यांनी आपली रांग वेगळीच लावली.

त्यांना वाटलं मला कळलं. मला वाटलं मला कळलं. दोघांनाही मराठी येत होती, हिंदी येत होती.

मी फौजेत असताना गावाकडे लाल मिलोचे दिवस होते. तलाव आटले होते. ज्या वर्षी तलाव आटतो त्या वर्षी ढीवराच्या घरात भाकरीसोबत सुकट नसते, आणि सुकट नसली की नुसतं पीठ राहतं. तेही कंट्रोलचं, परदेशी लाल ज्वारीचं. मी रजेवर गेलो तेव्हा माझी चंद्री दीड वर्षाची होती. पहिल्यांदाच बघत होतो. तिचे केस तांबूस झाले होते, उन्हात धरले तर सोन्यासारखे. भागरता म्हणाली, ‘पोरगी गोरी निघते पाहा, तुमच्यावर नाही गेली.’ पायांवर सूज होती, ती आम्हाला बाळसं वाटली. पोट नगाऱ्यासारखं, ते आम्हाला भरलेलं वाटलं. मी तिला खांद्यावर घेऊन गावभर फिरलो, केस दाखवत. ती रडत नव्हती. शहाणी पोर आहे, असं मी चार ठिकाणी सांगितलं. रजा संपवून परत गेलो आणि पंधरा दिवसांत पत्र आलं.

मला त्यानंतर बारा वर्षं कळलं नव्हतं की काय झालं. ताप म्हणाले, नजर म्हणाले. मग आषाढातल्या एका दुपारी, मी सोऱ्या फिरवत होतो, कुमुदताई खाली कापड धरून बोलत होत्या. त्यांना बोलता बोलता शिकवायची सवय होती. म्हणाल्या, अंग घडायला वीसेक तऱ्हेचा माल लागतो, त्याला अमिनो आम्लं म्हणतात. त्यातला एक जरी कमी पडला तरी बाकीचा सगळा पडून राहतो. मी म्हटलं, म्हणजे जाळ्यासारखं. सूत कितीही असो, काठाला शिसं नसेल तर जाळं बुडत नाही. त्या म्हणाल्या, अगदी तसंच. आणि मग म्हणाल्या, झिंग्यांचंच कशाला, लहान मुलांचंही तसंच होतं, नुसत्या पिठावर वाढवली तर. पोट फुगतं, पायावर सूज येते, आणि केसांचा रंग जातो, तांबूस होतात. आई-बापांना वाटतं पोर गुटगुटीत आहे.

मी दांडा फिरवत होतो. फिरवत राहिलो. त्या म्हणाल्या, भाऊ, पीठ संपलं, रिकामा फिरवताय.

भागरताचा भाऊ दर वर्षी गावाहून वाळलेल्या झिंग्यांचा डबा धाडायचा. त्या संध्याकाळी कुमुदताई घरी गेल्यावर मी एक चिमूट सुकट तळहातावर चोळली आणि तिसऱ्या हौदात टाकली. ते वर आले. खापरांच्या खालून, मागे सरकत सरकत, मिशा हलवत आले आणि त्यांनी ती कशी उचलली ते मी बघितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आधी चिमूट, मग पळीभर, शेवटी शेवटी मूठभर. बाटलीतल्या पुडीला मी कधी हात लावला नाही, ती संस्थेची, तोलून ठेवलेली. सुकट माझ्या घरची होती. माझ्या घरची वस्तू मी कुणाला चारावी यात मला चोरी दिसली नाही. सकाळी उरलेलं जाळीने काढून टाकायचो, पाणी घाण होऊ नये म्हणून. डबा निम्मा झाला तेव्हा भागरताने विचारलं. मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच पाट्यावर वाटून पुडी बांधून दिली.

त्या श्रावणाइतकं सुख मला हौदांवर कधी झालं नाही. तिसऱ्या हौदातले झिंगे निळसर, चकचकीत झाले. कात टाकून मऊ पडलेल्याला कुणी खाईना. पोटं भरलेली होती ना. उमस इतकी की टिनाखाली उभं राहिलं की भांड्यात शिजतोय असं वाटायचं, ढेप आंबायची, हाताला, कपड्यांना, जेवताना घासाला तोच वास. आणि मी गुणगुणायचो. कुमुदताई म्हणायच्या, भाऊ खुशीत आहेत. मी म्हणायचो, सगळ्यांचं पोट भरतंय ताई. त्या म्हणायच्या, हो.

मग ती सकाळ आली, उमस गेल्याची. थंडी लागायच्या आत मोजणी करायची होती. साहेब, कुमुदताई, वही, तराजू. मी एकेक झिंगा ओल्या फडक्यात धरून द्यायचो. पहिला हौद झाला, दुसरा झाला. दुसऱ्याचं वजन पहिल्याच्या जवळ गेलं, कुमुदताईंचा चेहरा उजळला. मग तिसरा. दहा-बारा झिंगे तोलून झाले आणि त्यांचं पेन थांबलं. त्यांनी तेच पुन्हा तोलायला लावले. तराजू पुसला, पुन्हा. तिसरा हौद दुसऱ्याच्या बरोबर होता. थोडा पुढेच. मी मनातून फुललो होतो. वाटलं, आता विचारतील, भाऊ, हे कसं साधलंत?

साहेब वर निघून गेले. कुमुदताई हौदाच्या कठड्यावर बसल्या. मग त्यांनी मान वर केली.

‘भाऊ, तिसऱ्यात काही पडलं का? चुकून का होईना. मला नुसतं सांगा.’

त्या आवाजात शंका होती. मी तो आवाज ओळखतो. फौजेत तूप कमी भरलं की तोच आवाज. आणि मी म्हटलं, ‘ढीवराच्या पोराला विचारता ताई? माझ्या हौदात माझ्या परवानगीशिवाय झाडाचं पान पडत नाही.’

शब्दात खोटं नव्हतं. परवानगी माझीच होती.

दुपारी साहेबांनी वर बोलावलं. मी दाराशी पोहोचलो तर आत बोलणं चाललेलं. साहेब हिंदीत म्हणत होते की सोम्याने काहीतरी टाकलं असेल. सोमासुद्धा नाही, सोम्या. आणि कुमुदताई म्हणाल्या, ‘सर, सोमाजी झूठ नहीं बोलते. गलती मेरी है. तोल में, मिलाने में, कहीं मेरी ही गलती है.’ साहेबांचा आवाज चढला. ते म्हणाले, अगं, कंट्रोल आहे तो, कंट्रोलला काही मिळायलाच नको होतं. तो मागे पडतो, एवढंच तर बघायचं होतं. तो मागे पडला नाही तर तुझी पूड काय कामाची? कुणाला सांगू मी, की हिला अजून दोन वर्षं द्या?

मी दाराशी उभा होतो. कंट्रोल म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. त्या हौदाला उपाशी ठेवणं हेच काम होतं. तो वाळला असता तर कुमुदताई तरल्या असत्या.

मी आत गेलो नाही. जिना उतरून खाली आलो.

हे लिहायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले. कारण तोवर जे झालं ती न कळण्याची चूक होती, ती माझ्या खात्यातली नाही असं मी देवापुढेही म्हणेन. पण त्या दुपारनंतर बावीस दिवस कुमुदताई चंडीगढमध्ये होत्या आणि मला सगळं कळलेलं होतं. साहेबांकडे जाणारा तो जिना रोज तिथेच होता. साहेबांना सांगितलं असतं तर माझी नोकरी गेली असती, पण मी नोकरीला भ्यालो नाही, रोट्या कुठेही भाजता येतात. मी भ्यालो त्या एका वाक्याला. सोमाजी खोटं बोलत नाहीत. एका शिकलेल्या मुलीने, साहेबांसमोर, स्वतःच्या अंगावर घेऊन ते म्हटलं होतं. माझ्याविषयी इतकं मोठं कुणी कधी बोललं नव्हतं. मला तो माणूस राहायचं होतं.

शिष्यवृत्ती वाढली नाही. मी एकदा सायकल काढून त्यांच्या घरी गेलो, सेक्टर बावीसला. सोऱ्या परत द्यायचं निमित्त होतं. सामान बांधणं चाललं होतं. वडील म्हणाले, या सोमाजी. आईने चहा दिला आणि म्हणाली, तो सोऱ्या तुम्हालाच राहू दे, त्याच्या चकल्या आता कोण खाणार. सगळे हसले. कुमुदताईही. त्या पोत्यात पुस्तकं भरत होत्या, बघत नव्हत्या कुठलं कुठे जातंय. मी कप खाली ठेवला. तोंड उघडलं आणि म्हटलं, येतो. सोऱ्या कॅरियरला बांधून परत आलो. नंतर ऐकलं की माघात लग्न झालं.

साहेबांनी पुढे झिंगे बंद केले. हौदांत शोभेचे मासे आले, मग तेही गेले, मग तिथे मोडक्या खुर्च्या ठेवल्या. मी निवृत्त होईपर्यंत त्या खुर्च्यांची राखण केली.

मागच्या वर्षी मुलाच्या ओळखीचा एक हरयाणवी पोरगा घरी आला होता. त्याची कोळंबीची तळी आहेत, खाऱ्या जमिनीत. तो झिंग्यांच्या खाण्याचं रिकामं पोतं गाडीत घेऊन फिरत होता. मी नातीला म्हटलं, यावर काय लिहिलंय वाच. ती इंग्रजी भराभर वाचत गेली, सोयाबीन, गहू, हे, ते, आणि मग म्हणाली, ‘लायसिन, मेथिओनिन.’ मी म्हटलं, पुन्हा वाच. तिने पुन्हा वाचलं. तो पोरगा म्हणाला, ताऊजी, हे तर सगळ्याच पोत्यांवर असतं. मी म्हटलं, असायलाच पाहिजे. आणि उठून आत गेलो. कुणाला तरी कुठेतरी दोन वर्षं वाढवून मिळाली असणार.

कुमुदताई एकदा आल्या होत्या. लग्नानंतर चार-पाच वर्षांनी, अशाच दिवसांत. नवऱ्याबरोबर सिमल्याला निघाल्या होत्या. नवरा बसस्टँडवर तिकिटांच्या रांगेत, आणि त्या तासाभरासाठी लहान मुलीला घेऊन सायकलरिक्षाने आमच्या क्वार्टरवर. भागरताने पिठलं टाकलं. त्या थोड्या जाड झाल्या होत्या, बँकेत लागल्या होत्या, छान बोलत होत्या. मुलीला म्हणाल्या, हे सोमाजीमामा, यांना झिंग्यांच्या मनातलं कळतं. मग हसत हसत म्हणाल्या, माझा हातच नव्हता हो त्या कामाचा. बरं झालं लवकर कळलं. अजून तसंच आहे, बँकेत एकदा केलेली बेरीज मला खरी वाटत नाही, शेजारणीला तपासायला देते. घरी साखर दोनदा मोजते. हे हसतात मला.

त्या हसत होत्या. मुलगी त्यांच्या मांडीवर बोटांनी काहीतरी मोजत होती. मला वाटत होतं की ते वर्ष संपलेलं आहे. ते संपलेलं नव्हतं. त्या ते रोज साखरेच्या डब्यात घेऊन बसत होत्या.

चुलीपासून भागरता म्हणाली, ‘सांगा न आता. का मले सांगाले लावता?’

मी सांगितलं. तिसऱ्या हौदात सुकट टाकत होतो, आषाढापासून. एवढंच. बाकी काही सांगितलं नाही. चंद्रीचं नाही, कंट्रोलच्या दुकानाचं नाही. कारण सांगायला लागलो असतो तर ती माफी मागितल्यासारखी झाली असती, आणि मला वाटलं की माफी मागायचा मला अधिकार नाही. तसं वाटलं की ताठा आडवा आला, हे मी आज पक्कं सांगू शकत नाही.

कुमुदताईंनी मुलीला मांडीवरून खाली ठेवलं.

‘किती?’ त्या म्हणाल्या.

मी मूठ दाखवली.

‘रोज? किती झिंग्यांना? खाल्ली सगळी?’

त्यांनी पिशवीतून बसचं जुनं तिकीट काढलं, पेन काढलं आणि त्याच्या मागे आकडे मांडले. बारीक अक्षरात, भराभर. तिकीट भरलं तेव्हा तळहातावर लिहिलं. मी त्यांना पुन्हा तशाच बसलेल्या बघत होतो, पदर खोचून, हौदाच्या कठड्यावर. मग पेन थांबलं.

‘म्हणजे माझं बरोबर होतं.’

त्यांना आनंद झाला नाही. मी वाट बघत होतो की होईल. त्या तळहाताकडे बघत राहिल्या आणि हळू म्हणाल्या, ‘एका ओळीचं काम होतं, भाऊ. तिसरा हौद बाद, एवढंच वहीत लिहायचं. पुढच्या उन्हाळ्यात तेवढा एक पुन्हा लावला असता.’

पिठलं तसंच राहिलं. मुलीने एक घास खाल्ला होता, तिचं तोंड त्यांनी पदराने पुसलं. चप्पल घालून उंबऱ्यावर उभ्या राहिल्या आणि वळल्या. रागाने नाही. अभ्यासातली एखादी जागा सुटलेली असावी तसं त्यांनी विचारलं, ‘पण का टाकलीत?’

मी जमिनीकडे बघत होतो. रिक्षावाल्याने दोनदा घंटी वाजवली, मुलगी हात ओढत होती, तरी उभ्या होत्या. मग गेल्या.

हे सगळं मी लिहिलं ते त्या प्रश्नाचं उत्तर आहे. भागरता गेल्याला सात वर्षं झाली, त्यामुळे आता ते सांगू शकणारा मी एकटाच उरलो आहे. नात म्हणते, आजोबा, पता बताओ, मैं भेज दूँगी. कुठल्या गावात असतात, आडनाव काय लावतात, मी त्या दिवशी विचारलं नाही.